हणजूणच्या भाड्याच्या खोलीमागचा इतिहास

चार मित्रांनी पाठीवर सॅक टाकून थिवी स्थानकावर उतरायचे, भाड्याची स्कूटर घ्यायची आणि हणजूण किंवा हरमल या उत्तर गोव्यातल्या किनारी गावांत स्वस्तातली खोली गाठायची, हा गोव्याच्या सहलीचा आज रूढ झालेला प्रकार कोणत्याही पर्यटन खात्याने आखलेला नाही. त्याचे श्रेय सहसा हिप्प्यांना दिले जाते. त्यांना घरात जागा देणाऱ्या गावकऱ्यांचा वाटा मात्र सांगायचा राहून जातो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा कळंगुट हे मासेमारी, माड आणि भातशेतीवर जगणारे गाव होते. मे महिन्यात गोव्यातलीच सधन कुटुंबे हवापालटासाठी तेथे येऊन राहत, त्यामुळे पाहुण्याला खोली भाड्याने देण्याची रीत गावाला अगदीच नवी नव्हती. शिवाय मुंबई, आफ्रिका किंवा आखातात नोकरीला गेलेल्यांची घरे वर्षातले बरेच महिने रिकामी असत. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर अशा खुष्कीच्या मार्गाने दिल्लीत पोहोचलेले पाश्चात्त्य तरुण, म्हणजेच हे हिप्पी, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिवाळा काढायला इकडे वळू लागले, ते याच घरांत उतरले. खोलीत एखादी खाट, अंगणात विहीर आणि परसात डुकरांचा संडास (ज्यातला मैला डुकरे खाऊन टाकत), एवढीच काय ती सोय असे. कळंगुटला वर्दळ वाढली तशी ही मंडळी उत्तरेला हणजूणकडे सरकली आणि १९७० च्या दशकात तेथे जवळच्या वस्तू विकून पुढचा खर्च भागवण्याचा त्यांचा बाजार सुरू झाला, जो पुढे बुधवारचा बाजार म्हणून प्रसिद्ध झाला.

मुंबईहून येणाऱ्यांसाठी भाऊच्या धक्क्यावरून पणजीला जाणारी बोट होती. सकाळी सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी पोहोचे, आणि डेकवर कोकणातल्या चाकरमान्यांच्या वळकट्यांशेजारीच हिप्प्यांच्या चटया पसरलेल्या असत. पावसाळ्यात समुद्र खवळला की ती बंद राही.

१९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि खुष्कीची वाट तुटली. त्यानंतरच्या दशकात युरोपातून थेट गोव्याच्या दाबोळी विमानतळावर चार्टर विमाने, म्हणजे सहलींसाठी खास भाड्याने घेतलेली विमाने, येऊ लागली. त्यांतल्या प्रवाशाला खाट आणि विहीर पुरणारी नव्हती, आणि हॉटेले वाढली. भारतीय मित्रमंडळींचा ओघ खऱ्या अर्थाने वाढला तो १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे तिकीट काढून रात्री मुंबईत गाडीत बसायचे आणि सकाळी उत्तर गोव्यात उतरायचे, हे तेव्हापासून सोपे झाले. शिवोली-चोपडे पूल होण्यापूर्वी फेरीबोटीने शापोरा नदी ओलांडून जावे लागणारे हरमलही मग हाताशी आले.

दरम्यान गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यापार नोंदणी कायद्याने पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवणारी घरे सरकारी नोंदणीच्या कक्षेत आणली, त्यामुळे पूर्वी निव्वळ तोंडी ठरणारा हा व्यवहार कागदावर रीतसर धंदा ठरला.