रनिंग-इन ट्यूनिंग

नव्याने बांधलेल्या किंवा बदल केलेल्या पेट्रोल इंजिनाच्या पहिल्या काहीशे किलोमीटरांपुरती केलेली इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शनची मांडणी. सिलिंडरचा बोअर वाढवला, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलला, मोठे इंजेक्टर बसवले की कंपनीच्या ईसीयूमधले (इंजिनाच्या नियंत्रक संगणकातले) आकडे लागू पडत नाहीत. दुसरीकडे, कायमचा मॅप (कोणत्या स्थितीत किती इंधन आणि केव्हा ठिणगी, याचा तक्ता) ठरवावा इतके इंजिनही अजून स्थिरावलेले नसते. त्यामुळे या काळातला मॅप ताकदीसाठी नसतो, पिस्टनच्या रिंगा नीट बसाव्यात यासाठी असतो.

होनिंग करताना, म्हणजे बारीक दगडांनी घासताना, सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा पाडतात. त्यांच्यात तेल धरून राहते आणि त्यांच्याच टोकांवर घासून रिंग आपला आकार घेते. रिंगला भिंतीवर दाबण्याचे मुख्य काम तिच्या मागे शिरणारा ज्वलनाचा वायू करतो; म्हणजे रिंग बसायला इंजिनावर मध्यम भार हवाच. नुसत्या आयडलवर किंवा फार हलक्या पायाने चालवलेल्या इंजिनाच्या भिंतीला चकाकी येते आणि मग ते तेल खाऊ लागते. ते पुन्हा उघडून होनिंग केल्याशिवाय सहसा सुधारत नाही.

‘रनिंग-इन आहे, रिच ठेवा’, म्हणजे पेट्रोल जास्त सोडा, हा सल्ला मुंबईतल्या गॅरेजांत अजून ऐकू येतो. तो कार्ब्युरेटरच्या काळातला आहे आणि अर्धाच खरा आहे. मिश्रण लीन झाले, म्हणजे पेट्रोल कमी पडले, तर उष्णता वाढते, नॉकिंग (मिश्रण स्वतःहून पेटून बसणारे ठोके) होते, हे बरोबर. पण जास्तीचे पेट्रोल भिंतीवरचे तेल धुऊन नेते, खाली उतरून इंजिनाच्या तळाच्या सम्पमधले तेल पातळ करते, आणि रिंग बसण्याऐवजी कोरडी घासत राहते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येऊ लागला तर हेच घडत असते. म्हणून आयडलला आणि संथ चालीत लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रत्यक्ष प्रमाण भागिले आदर्श प्रमाण; १ पेक्षा कमी म्हणजे रिच) ०.९५ ते १ च्या दरम्यान, आणि भार वाढेल तसा ०.८५ ते ०.८८ पर्यंत, असा आराखडा ठेवणे शहाणपणाचे. पूर्ण थ्रॉटल या काळात टाळतात, तरी तिथलेही आकडे सुरक्षित भरून ठेवतात. इग्निशन टायमिंग जास्त भाराच्या भागात काही अंश मागे घेतात, म्हणजे ठिणगी जरा उशिरा देतात. फार मागे घेतले तर एक्झॉस्ट तापते, तेही नको. हिशेब लॅम्डातच करावा. शुद्ध पेट्रोलसाठी हवा-इंधनाचे १४.७:१ हे प्रमाण पाठ असले, तरी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ते साधारण १३.५ च्या आसपास येते. जुन्या आकड्यावर बोट ठेवणारा ट्यूनर इथेच फसतो.

खरी कसोटी पहिल्या स्टार्टची. एकेकाळी कुर्ल्यातच बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या पुशरॉड इंजिनावर हौशी मंडळी इंजेक्शन बसवतात. तिथे कॅमवर घासत चालणारे सपाट टॅपेट असतात. नवा कॅम असला तर इंजिन सुरू होताच ते मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर वीसेक मिनिटे ठेवावे लागते, नाहीतर कॅमचे लोब घासून जातात. अशा वेळी स्टार्टर फिरवत, लॅपटॉपवर अंदाज घेत बसायला सवड नसते. म्हणून आधीच इंजेक्टरचे कनेक्टर काढून इंजिन फिरवायचे, तेलाचा दाब आलेला पाहायचा, त्याच वेळी टायमिंग लाइटने पुलीवरची खूण आणि ईसीयू दाखवते तो अंश जुळवून घ्यायचा. थ्रॉटल सेन्सरची बंद व उघडी टोके नोंदवायची, पंपाचा दाब मोजायचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून वापरलेले इंजेक्टर आणले असतील तर प्रवाह मोजून, साफ करून घेणे आले. इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ, म्हणजे डेड टाइम, बॅटरीचे व्होल्टेज उतरले की वाढतो. तो चुकीचा भरला तर सगळ्यात मोठा घोळ आयडललाच होतो, कारण तिथे मुळात इंजेक्टर उघडा ठेवणारी पल्सच लहान असते.

एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगणाऱ्या वाइडबँड सेन्सरवर आंधळा विश्वास ठेवू नये. नव्या बांधणीत एक्झॉस्टचा गॅस्केट जरासा जरी गळत असला तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर ‘लीन’ दाखवतो, क्लोज्ड लूप (सेन्सर पाहून ईसीयू आपोआप करतो ती दुरुस्ती) पेट्रोल वाढवतो आणि धुलाई सुरू होते. मिसफायरही लीनच दिसतो. म्हणून या काळात ईसीयूला दुरुस्तीची मुभा थोडकीच देतात. मेगास्क्वर्टसारख्या हौशी ईसीयूवर मॅप आपोआप सुधारण्याची सोय मिळते, ती तूर्त बंद ठेवलेली बरी. रिंगा बसत जातात तसे घर्षण घटते, आयडल चढते आणि मॅनिफोल्डचा दाब खाली सरकतो. मॅपमधले आज सुधारलेले खाने उद्या इंजिन वापरतच नाही.

मुंबईच्या हवेचा हिशेब वेगळा करावा लागतो. ३२ अंशांना ७५ टक्के आर्द्रता असली तर हवेच्या दाबातला सुमारे साडेतीन टक्के वाटा वाफेचा असतो. मॅनिफोल्डचा दाब मोजणारा ईसीयू त्या वाफेलाही हवाच समजतो, म्हणून मिश्रण किंचित रिच होते. त्याहून त्रासदायक सायनच्या सिग्नलवरची कोंडी. बॉनेटखाली तापलेला हवेचा सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवतो, ईसीयू पेट्रोल कमी करतो आणि गाडी सुटताच अडखळते. सेन्सर गार हवेच्या वाटेवर हलवणे हा खरा उपाय. तापमानाच्या टेबलातली खाडाखोड नंतर. कोंडीत आयडल भरपूर आणि भार नाममात्र, म्हणजे रिंगांना नको तेच. त्यामुळे रनिंग-इनसाठी पहाटे भिवंडी ओलांडून नाशिकच्या रस्त्याला लागणे सोयीचे. कसारा घाटाच्या चढावर मध्यम भार मिळतो, उतारावर थ्रॉटल सोडला की इंजिन-ब्रेकिंग. माथ्याजवळचे इगतपुरी सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, तिथे हवा सहा-सात टक्के विरळ. केवळ थ्रॉटलच्या कोनावर चालणाऱ्या मॅपला वातावरणाच्या दाबाची दुरुस्ती दिली नसेल तर ते तिथे उघड होते.

तेल व फिल्टर लवकर बदलतात. निघालेल्या तेलात बारीक चमकी दिसणे पहिल्या वेळी अपेक्षित, दुसऱ्यांदा दिसली तर काळजीचे. सिलिंडरच्या दाब-चाचणीचे आकडे स्थिर झाले की आयडल, इंधन आणि टायमिंग डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) नव्याने बसवतात. कायद्याची बाजू या सगळ्यापासून अलग आहे: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ तपशिलात मनाजोगा बदल करता येत नाही, आणि रनिंग-इनच्या रिच आयडलवर पीयूसीची चाचणी द्यायला गेले तर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा अंगाशी येऊ शकतो.