खारी-बटरच्या डोक्यातला वन बीएचके

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कोथरूडचं भाड्याचं घर सोडून वाकडला आलो. सामान म्हणाल तर सोळा-सतरा खोके, एक कपाट, तेवीस कुंड्या, हापूसची एक पेटी आणि दोन उंदीर. पाळलेले. बहिणी आहेत, एकीचं नाव खारी आणि दुसरीचं बटर. टेम्पोवाल्या दादाने पिंजऱ्याकडे बघून विचारलं, "ताई, हे पण न्यायचंय?" मी हो म्हटल्यावर त्यानेच माझी समजूत काढली, "उंदराला काय हो, कुठंबी सोडा, बीळ शोधतोय की."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण पुढचे दोन दिवस या दोघी आपल्या कापडी झोळीतून बाहेरच आल्या नाहीत. आवडता मटार दिला तर नाक बाहेर, मटार आत, संपला विषय. आणि तिकडे हॉलमध्ये पाच वर्षं जपलेल्या बेंजामिनाने आठवड्यात अर्धी पानं टाकली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली नजर लागली असणार, नवीन घराला लिंबू-मिरची बांध. लिंबं होती घरात, पण त्यांचं सरबत केलं.

आधी एक गोष्ट क्लियर करते, कारण सोसायटीच्या लिफ्टमध्ये मला हे तीनदा सांगावं लागलंय. आपण मराठीत सगळ्यालाच उंदीर म्हणतो. पण गटारातून फिरते ती धिप्पाड घूस म्हणजे बँडिकूट, तिची प्रजातीच वेगळी. घरात डब्यामागे पळतो तो छोटा म्हणजे मूस मस्क्युलस. आणि माझ्या दोघी रॅटस नॉर्वेजिकस, लॅबमध्ये जो पांढरा उंदीर असतो त्याच जातीच्या. नाव नॉर्वेजिकस असलं तरी हा प्राणी मूळचा नॉर्वेचा नाही, उत्तर चीन-मंगोलियाकडचा. १७६९ साली जॉन बर्कनहाउटने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. नॉर्वेचा संबंध पुढे येणारच आहे, पण वेगळ्या कारणाने.

तर, कुठेही सोडा, बीळ शोधतोय. शोधतो, मान्य, पण म्हणजे नेमकं काय करतो? त्याला कसं कळतं की मी आत्ता कुठे आहे? उंदराची नजर तशी यथातथाच, लाल रंग जवळपास दिसत नाही, लांबचं सगळं धूसर. तरी चार दिवसांनी अंधारात तो कपाटामागून निघून सरळ पिंजऱ्यात येतो.

१९४८ मध्ये एडवर्ड टोलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने म्हटलं की उंदीर नुसतं डावीकडे-उजवीकडे पाठ करत नाहीत, त्यांच्या डोक्यात नकाशा असतो. तेव्हा हे बऱ्याच जणांना पटलं नव्हतं, कारण डोक्यातला नकाशा दाखवणार कसा? तो दिसला १९७१ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्स्की यांनी उंदराच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात केसापेक्षा बारीक तारा बसवल्या आणि उंदराला मोकळं फिरू दिलं. अशा तारेवरचा सिग्नल स्पीकरला जोडला की मेंदूतली पेशी पेटल्यावर, म्हणजे तिने विजेचा छोटा झटका सोडल्यावर, टक टक ऐकू येतं, ज्वारीच्या लाह्या फुटल्यासारखं. आणि मजा अशी की एखादी पेशी उंदीर एका ठरावीक जागी आला की तडतडते, तिथून हलला की गप्प. दुसरी पेशी दुसऱ्या जागी. खाणं असो नसो, तोंड इकडे असो की तिकडे, मोकळ्या जागेत बहुतेक पेशींना फक्त जागेशी मतलब. यांना प्लेस सेल म्हणतात, आपण जागापेशी म्हणू. म्हणजे माझ्या घरात खारीची एक पेशी फ्रिजच्या कोपऱ्याची, एक शू रॅकखालची, एक पायपुसण्याची, असं सगळं घर पेशींमध्ये वाटून दिलेलं.

आता हे वाचून वाटेल की जुन्या घराचा नकाशा थोडा ताणून, थोडा दुमडून नव्या घराला बसवत असेल. अजिबात नाही. मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. नवीन जागा आली की पत्ते पिसतात तसा डाव नव्याने मांडला जातो. याला रीमॅपिंग म्हणतात. कोथरूडच्या घरात शेजारी-शेजारी जागांना पेटणाऱ्या दोन पेशी वाकडला एकमेकींपासून लांब जातील, किंवा एक पूर्ण गप्पच बसेल आणि तिकडे कधीच न बोललेली तिसरी इथे बोलायला लागेल. २०१४ मध्ये एका टीमने उंदरांना अकरा वेगवेगळ्या खोल्यांत फिरवून पेशी नोंदल्या, तर अकरा खोल्यांचे अकरा नकाशे निघाले, एकमेकांशी जवळपास काही साम्य नाही. म्हणजे घर बदलणं हे उंदरासाठी जुन्या वहीत नवीन पत्ता लिहिणं नाही, वहीच नवीन.

आणि या नकाशाला दिशा कोण देतं? त्यासाठी वेगळ्या पेशी आहेत, डोकं एका ठरावीक दिशेला वळलं की पेटणाऱ्या, त्या १९८४ मध्ये जेम्स रँकने जगासमोर आणल्या. पण हे चुंबकाचं होकायंत्र नव्हे, उत्तर-दक्षिणेशी त्याला देणंघेणं नाही, ते खोलीतल्या ठळक खुणांवर जुळवलं जातं. १९८७ चा मुलर आणि क्युबीचा प्रयोग आहे, गोल भिंतीच्या रिंगणात एकच पांढरं कार्ड चिकटवलेलं, उंदीर बाहेर असताना ते ९० अंश फिरवलं तर पुढच्या वेळी जागापेशींचे इलाकेही ९० अंश फिरलेले. भिंत तीच, जमीन तीच, पण उंदराच्या लेखी अख्खी खोली फिरली. हे वाचल्यावर मला माझी चूक कळली. पहिल्या दोन दिवसांत मी पिंजरा तीनदा हलवला होता, आधी खिडकीशी, मग ऊन येतं म्हणून बेडरूममध्ये, मग पंखा नीट लागतो म्हणून हॉलमध्ये. त्या बिचाऱ्या नकाशाला सुरुवात करायच्या आणि मी कार्ड फिरवायची.

नॉर्वेचं राहिलं. २००५ मध्ये तिथल्या ट्रॉन्हाइम शहरात माय-ब्रिट मोझर, एडवर्ड मोझर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्याच भागात अजून चक्रम पेशी सापडल्या. जागापेशी साधारण एका जागी पेटते, ही ग्रिड पेशी अनेक जागी पेटते, आणि त्या सगळ्या जागा कागदावर मांडल्या तर समभुज त्रिकोणांची जाळी तयार होते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी किंवा ठिपक्यांच्या रांगोळीत एकाआड एक ठिपके मांडतो ना, तशी. जमिनीवर कुठेही तशी खूण नाही, मेंदूच स्वतःची पट्टी टाकतो. काही पेशींच्या ठिपक्यांत तीस-चाळीस सेंटीमीटरचं अंतर, काहींचं मीटरच्या पुढे. ओकीफ आणि हे दोघे मोझर यांना २०१४ चं नोबेल मिळालं.

इथून पुढचा एक परिच्छेद जड आहे, सोडलात तरी चालेल पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. उंदीर चालताना हिप्पोकॅम्पसमध्ये सेकंदाला साधारण आठ वेळा एक लाट उठते, थीटा. जागापेशी या लाटेवर कुठेही पेटत नाही. उंदीर तिच्या इलाक्यात शिरतो तेव्हा ती लाटेच्या शेवटी शेवटी पेटते, आणि तो जसा पुढे जातो तशी दर लाटेला आधी-आधी पेटत जाते (ओकीफ आणि रेसी, १९९३). परिणाम असा की एकाच लाटेत, म्हणजे सेकंदाच्या आठव्या भागात, मागे टाकलेली जागा, आत्ताची जागा आणि पुढे येणारी जागा अशा क्रमाने पेशी पेटून जातात. शू रॅक, पायपुसणं, फ्रिज, आणि परत पुढच्या लाटेत पायपुसणं, फ्रिज, पिंजरा. चालता चालता छोटा ट्रेलर बघितल्यासारखं. ज्या पेशी अशा पाठोपाठ पेटतात त्यांच्यातली जोडणी घट्ट होते, आणि नकाशा असा शिवला जातो.

पण शिलाई पक्की होते झोपेत. नवीन जागेत गेल्यावर जागापेशींचे इलाके काही मिनिटांतच दिसायला लागतात, पण सुरुवातीला ते कच्चे असतात. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी दाखवलं की जागेपणी ज्या पेशी बरोबरीने पेटल्या त्याच नंतरच्या झोपेत परत बरोबरीने पेटतात. पुढे कळलं की नुसत्या बरोबर नाही तर त्याच क्रमाने, आणि कितीतरी पट वेगाने, अख्खी चक्कर सेकंदाच्या दहाव्या भागात. २००९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी झोपेतल्या या झटपट उजळणीच्या क्षणीच हलका विजेचा टोला देऊन ती मोडली, तर ते उंदीर चक्रव्यूह शिकण्यात मागे पडले. म्हणून माझ्या दोघी दोन दिवस झोळीत पडून होत्या त्याला मी घाबरणं बरोबर नव्हतं. थोडा वेळ बाहेर, पुष्कळ झोप, परत थोडा वेळ बाहेर, असंच हे काम चालतं. मध्येच उठवून "बघ ना नवीन घर" करणाऱ्या पाहुण्यांना मी आता चहा देऊन गप्प बसवते.

वासाचाही वाटा मोठा आहे. झोळी धुवायची नाही, निदान पहिले दोन आठवडे, कितीही वास आला तरी. उंदीर चालता चालता लघवीचे बारीक थेंब टाकत जातात, आपल्याला ते घाण वाटतं, त्यांच्यासाठी ती रस्त्यावरची पाटी आहे. मी पहिल्याच दिवशी उत्साहाने पिंजरा फिनाईलने पुसला होता. असो.

झाडाकडे येते. झाडाला नकाशा नाही, पळायची सोय नाही, त्याने करायचं काय? बेंजामिना जुन्या घरी पश्चिमेच्या गॅलरीत होता, इथे हॉलच्या आतल्या भिंतीशी. आपल्याला दोन्हीकडे उजेडच वाटतो कारण डोळा फसवतो, पण मोजला तर उघड्यावर दुपारी लाखभर लक्स आणि खोलीत आत जेमतेम दोन-तीनशे. उन्हात वाढलेली पानं जाड असतात, त्यांचा चालू खर्चच जास्त, सावलीत ती कमावतात त्यापेक्षा जास्त खातात. असं पान देठाकडे ऑक्सिन नावाचं संप्रेरक कमी पाठवायला लागतं, आणि ऑक्सिन आटलं की देठाच्या बुडातला पेशींचा पातळ थर इथिलीनला दाद द्यायला लागतो, एन्झाइम सुटतात, पेशींमधला गोंद विरघळतो आणि पान गळतं. तुटत नाही, सोडलं जातं. नंतर येणारी पानं पातळ आणि कमी उजेडात भागवणारी. इथिलीन म्हणजे तोच वायू ज्याने अढीतले आंबे पिकतात, आणि माझी हापूसची पेटी चार दिवस बंद हॉलमध्ये बेंजामिनाला टेकूनच होती. सगळा दोष पेटीचा नाही, पण नजरेपेक्षा तिच्यावर संशय घ्यायला जास्त जागा आहे. शेजारच्या काकूंनी मनी प्लांट आग्नेयेला ठेवायला सांगितलं, आमच्या आग्नेयेला गॅसचा सिलेंडर आहे.

मनी प्लांट तसाही वर टांगलाय, कारण त्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंडात घुसतात, आणि उंदराला उलटी करता येत नाही, शरीराची रचनाच तशी. गिळलं ते गिळलं. म्हणूनच जंगली उंदीर नवीन खाणं आधी कणभर चाखतात आणि थांबून बघतात. पाळीव त्या मानाने बिनधास्त, म्हणून जबाबदारी आपली. खाली फक्त स्पायडर प्लांट ठेवलंय.

आणि हो, झाडं लावा, हवा शुद्ध होते, नासाने सांगितलंय, हा फॉरवर्ड मला गृहप्रवेशाला दोघांनी पाठवला. नासाचा तो १९८९ चा अभ्यास खरा आहे, पण तो हवाबंद छोट्या पेटीतला. २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा हिशोब परत मांडला गेला, तर खिडकी उघडून जेवढी हवा साफ होते तेवढी करायला एका चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील असं निघालं. म्हणजे आम्हाला राहायला जागा उरणार नाही. नवीन रंगाचा वास जाईपर्यंत मी खिडक्याच उघड्या ठेवल्या, उंदरांची फुफ्फुसं फार नाजूक असतात.

एक शेवटचा प्रयोग, कारण तो माझ्यावरही लागू आहे. १९९६ मध्ये पॅकार्ड आणि मॅकगॉ यांनी अधिक चिन्हासारख्या चक्रव्यूहात उंदरांना रोज एका टोकाकडून सोडलं, खाऊ कायम त्याच बाजूला. मग एके दिवशी समोरच्या टोकाकडून सोडलं. आठव्या दिवशी ही परीक्षा घेतली तर बहुतेक उंदीर खाऊच्या खऱ्या जागी गेले, म्हणजे नकाशा वापरला. सोळाव्या दिवशी घेतली तर बहुतेकांनी नेहमीचं वळण घेतलं आणि चुकीच्या टोकाला पोचले. कारण तोवर हिप्पोकॅम्पसकडून काम सवयीच्या मेंदूकडे, स्ट्रायटमकडे गेलेलं असतं. रात्री बाथरूमचा दिवा लावायला माझा हात अजून डावीकडे जातो तो त्याच खात्याचा कारभार, कोथरूडला बटण डावीकडे होतं.

परवा झाडून घेताना मी स्पायडर प्लांटची कुंडी दोन फूट सरकवली आणि परत ठेवायची विसरले. संध्याकाळी बटर कपाटामागून नेहमीच्या वेगात निघाली, नेहमीच्या जागी वळली आणि थेट कुंडीवर धडकली. मग जसं काही झालंच नाही असं दाखवत तिथेच बसून तोंड धुवायला लागली.