पहिलं विमान घेताय? आधी खोक्यावरची अक्षरं वाचा

रेडिओवर उडवायच्या छोट्या मॉडेल विमानांच्या आमच्या दुकानात येणारा नवा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतो, "पहिलंच आहे, कुठलं विमान घेऊ?" आम्ही त्यावर उलट विचारतो, "रेडिओ आहे का तुमच्याकडे?" रेडिओ म्हणजे हातात धरून विमान चालवायचा ट्रान्समीटर. काही जणांना हा प्रश्न रुचत नाही. विमान बघायला आलोय आणि हे रेडिओचं काय काढून बसलेत, असं वाटतं त्यांना. पण हे विचारल्याशिवाय आम्ही फळीवरून खोकं खाली काढत नाही. त्याचं कारण सांगण्यासाठी हे पत्रक लिहिलं आहे.

आमच्याकडे परत येणाऱ्या विमानांपैकी बरीचशी पूर्ण धड असतात. एक ओरखडाही नसतो. घरी नेऊन पंख बसवलेले असतात, स्टिकर चिकटवलेले असतात आणि त्यानंतर लक्षात आलेलं असतं की खोक्यात ट्रान्समीटर नाही, बॅटरी नाही, चार्जरही नाही. तोवर सगळे पैसे विमानात गेलेले असतात. मग "हे परत घ्या आणि छोटं द्या" अशी विनंती येते. स्टिकर लावलेलं, स्क्रू फिरवलेलं विमान आम्ही नवं म्हणून दुसऱ्याला विकू शकत नाही, त्यामुळे नाही म्हणावं लागतं. असं नाही म्हणताना आम्हालाही वाईट वाटतं, कारण समोरच्याचा उत्साह खरा असतो.

खोक्यावरची अक्षरं

हे सगळं टाळायचं तर खोक्याच्या कोपऱ्यात छापलेली अक्षरं बघायची. आरटीएफ म्हणजे रेडी टू फ्लाय: विमान, रेडिओ, बॅटरी, चार्जर सगळं आत. बीएनएफ म्हणजे बाइंड अँड फ्लाय: विमानात रिसीव्हर, म्हणजे रेडिओचा संदेश झेलणारा भाग, बसवलेला असतो, पण रेडिओ तुमचा. या दोघांची जोडी जुळवणं म्हणजे बाइंड करणं. पीएनपी म्हणजे प्लग अँड प्ले: मोटर, तिचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर आणि सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) बसवलेले. रिसीव्हर, रेडिओ, बॅटरी, चार्जर वेगळे घ्यायचे. एआरएफमध्ये, म्हणजे ऑलमोस्ट रेडी टू फ्लायमध्ये, बहुधा नुसता सांगाडा आणि पंख येतात. पहिल्या विमानासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

एकच मॉडेल आरटीएफ आणि पीएनपी अशा दोन्ही खोक्यांत मिळतं आणि खोक्यावरचं चित्र अगदी सारखं असतं. पीएनपी स्वस्त दिसतं, म्हणून उचललं जातं. ते स्वस्त नसतं, अर्धवट असतं.

दुसरा घोळ बीएनएफमध्ये होतो. आजचे जवळपास सगळे रेडिओ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात, त्यामुळे कुठलाही रेडिओ कुठल्याही विमानाला चालेल असं लोकांना वाटतं. पण फ्रीक्वेन्सी एक असली तरी प्रत्येक कंपनीची बोली वेगळी असते. स्पेक्ट्रमची डीएसएमएक्स, फ्लायस्कायची एएफएचडीएस २ए, फ्रस्कायची आणखी वेगळी. एका गृहस्थांनी मित्राकडून चांगला रेडिओ घेतला आणि दुसऱ्या बोलीचं बीएनएफ विमान नेलं. रात्री अकरापर्यंत ते बाइंड करत बसले होते. रिसीव्हरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. सकाळी ते विमान घेऊन आले ते "रिसीव्हर खराब आहे" म्हणत. रिसीव्हर उत्तम होता, रेडिओही उत्तम होता. दोघांना एकमेकांचं कळत नव्हतं, एवढंच. तेव्हापासून आम्ही बीएनएफ विमान काउंटरवर बाइंड करून, पंख-शेपटीचे सगळे हलते भाग हलवून दाखवून मगच पॅक करतो. त्यात पंधरा मिनिटं जातात. ती तुम्ही द्यावीत असा आमचा आग्रह असतो. तुमचा रेडिओ जुना असेल, दुसरीकडून घेतलेला असेल, तरी घेऊन या. जुळणारा असेल तर नवा घ्यायला सांगणार नाही.

पैशांची वाटणी

आमचा अंदाज असा: तुमच्या ठरवलेल्या रकमेचे शंभर भाग धरले तर विमानावर चाळीसपेक्षा जास्त घालू नका. पंचवीस ते तीस रेडिओ आणि रिसीव्हरला, वीस बॅटऱ्या आणि चार्जरला, उरलेले दहा-पंधरा प्रॉप (मोटरवरचा पंखा), गोंद, टेप, स्पेअर लँडिंग गिअर यांना. आरटीएफ घेतलंत तर पहिले तीन आकडे बहुतेक एकत्र होतात. मात्र सेटमधला रेडिओ पुढच्या विमानाला उपयोगी पडेल का, ते विचारून घ्या.

रेडिओला एवढा मोठा वाटा का, असं विचारतात. विमान कधी ना कधी आपटणार आहे. रेडिओ तुमच्या हातातच राहतो. सहा किंवा जास्त चॅनेलचा (एका चॅनेलवर विमानातली एक हालचाल चालते), दहा-वीस मॉडेलं लक्षात ठेवणारा, टायमर असलेला रेडिओ घेतलात तर तिसऱ्या-चौथ्या विमानापर्यंत तोच पुरतो. त्यात सिम्युलेटरला जोडायची सोय असेल तर फारच छान. संगणकावर पाच-सहा तास घासलेला माणूस मैदानावर आला की लगेच ओळखू येतो: विमान समोरून येताना त्याचा हात उलटा पडत नाही.

आणखी एक, मोड. थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारी स्टिक, डाव्या हाताला असेल तर मोड टू, उजव्या हाताला असेल तर मोड वन. तुम्हाला शिकवणारा जो वापरतो तोच घ्या, म्हणजे अडचणीच्या क्षणी त्याला तुमच्या हातातून रेडिओ घेता येईल.

विमान कसं असावं

पंख वर, फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, डोक्यावर. पंखांची टोकं किंचित वर उचललेली, म्हणजे डायहेड्रल. पंखाचा खालचा भाग जवळजवळ सपाट. विस्तार १.२ ते १.५ मीटर, वजन साधारण एक ते सव्वा किलो, ईपीओ या चिवट फोमचं, ब्रशलेस मोटर. चाकं मोठी असावीत, गवतावर बारीक चाकं अडकतात. असं विमान हळू उडतं, आणि स्टिक सोडली की पुष्कळदा आपणहून सरळ व्हायला बघतं. नवशिक्याला पाहिजे तो वेळ त्यामुळे मिळतो.

बाकी तपशिलात फार डोकं घालू नका. तीन चॅनेल की चार, यावर मात्र आमचं मत आहे: चार घ्या. चार चॅनेलमध्ये मिळणारे एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग, सुरुवातीपासून हाताला बसलेले बरे. इंजिनवाल्या ट्रेनरबद्दलही, म्हणजे शिकाऊ विमानाबद्दलही, काही जण विचारतात. एकेकाळी बाल्सा लाकडाचं विमान आणि .४० क्युबिक इंचाचं, इंधनावर चालणारं ग्लो इंजिन हीच सुरुवात असायची, आणि ती मजा वेगळीच होती. आज सुरुवातीला आम्ही ते सुचवत नाही, कारण इंजिन सांभाळायला शिकणं हा स्वतंत्र अभ्यास आहे.

आता स्पिटफायर आणि मस्टँग या जुन्या लढाऊ विमानांच्या मॉडेलांबद्दल. काचेच्या कपाटात आहेत, देखणी आहेत, आणि पहिल्या भेटीत सगळ्यांची नजर तिथेच जाते. पहिलं विमान म्हणून ती मागितली तर आम्ही नको म्हणतो. पंख खाली, टोकाकडे निमुळते, आकाराच्या मानाने वजन जास्त. वेग थोडा कमी झाला की पंखाचं एक टोक आधी उचल सोडतं आणि विमान त्या बाजूला कोसळतं. बहुतेकदा हे लँडिंगच्या शेवटच्या वळणावर होतं, जिथे सावरायला उंची नसते. ट्रेनरवर वीस-पंचवीस लँडिंग नीट झाली की या, तेच विमान आम्ही आनंदाने काढून देऊ.

बॅटरी आणि चार्जर

इथे मात्र जरा थांबून वाचा. या आकाराच्या ट्रेनरला सहसा थ्री एस लायपो, म्हणजे तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी, लागते. क्षमता २२०० एमएएचच्या आसपास. एका सेलचे ३.७ व्होल्ट म्हणून तिच्यावर ११.१ लिहिलेलं असतं. पूर्ण भरल्यावर सेल ४.२ ला जातो, सगळी बॅटरी १२.६ ला. त्यावर चार्ज करायची नाही, आणि सेल ३ व्होल्टच्या खाली कधीच जाऊ द्यायचा नाही. एकदा गेला की सेलचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

चार्जिंग एक सीने, म्हणजे क्षमतेच्या आकड्याएवढ्या करंटने, करा: २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर, रिकामी बॅटरी भरायला तासभर. म्हणूनच एका बॅटरीवर भागत नाही. आठ-नऊ मिनिटांच्या उड्डाणासाठी तासभर बसून राहावं लागतं. तीन बॅटऱ्या घ्या, पण तिन्ही एकाच कनेक्टरच्या. एक एक्सटी ६० ची, दुसरी ईसी ३ ची असं झालं की कनेक्टर बदलायला डाग (सोल्डर) देत बसावं लागतं.

चार्जर बॅलन्सिंगचाच, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा, हवा, आणि त्यात स्टोरेजचा पर्याय हवा. उडवून झाल्यावर बॅटरी दोन-तीन दिवसांत वापरणार नसाल तर सेल ३.८ च्या आसपास आणून ठेवा. भरलेली बॅटरी महिनाभर कपाटात राहिली तर फुगू शकते, आणि फुगलेली बॅटरी घेऊन लोक वॉरंटी मागायला येतात. वापरलेली लायपो आम्ही बदलून देत नाही. तिच्यावर घरी काय झालं हे बाहेरून कळायला मार्ग नसतो, आणि अशी बॅटरी दुसऱ्याच्या घरात जाऊ देणं आम्हाला पटत नाही. फुगलेली चार्ज करू नका. चार्जिंग चालू असताना घर सोडून जाऊ नका, खाली फरशी असू द्या, गादी किंवा लाकूड नको.

उड्डाण किती मिनिटं करायचं ते ठरवायची आमची रीत अशी. पहिल्यांदा रेडिओवर सहा मिनिटांचा टायमर लावा. उतरल्यावर बॅटरी चार्जरला लावली की किती एमएएच आत गेले ते पडद्यावर दिसतं. समजा ११०० गेले, तर मिनिटाला साधारण १८३. बॅटरीतले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे १७६०. भागाकार साडेनऊच्या आसपास येतो. टायमर नऊवर लावा, आणि हा हिशेब झाकणाच्या आतल्या बाजूला पेनने लिहून ठेवा.

पहिल्या उड्डाणाआधी

बॅटरी बसवून विमान पंखाखाली दोन बोटांवर तोला. माहितीपुस्तिकेत पंखाच्या पुढच्या कडेपासून सीजीचं (गुरुत्वमध्याचं) अंतर मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, बोटं बरोबर तिथे. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल. शेपटी झुकत असेल तर बॅटरी पुढे सरकवा, आणि तोवर उडवू नका.

मग विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे: उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. जायरो (विमान आपोआप सरळ ठेवायला मदत करणारा भाग) असेल तर तो चालू ठेवून विमान हातात धरा आणि उजवा पंख खाली झुकवा: आता उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे. या दोन तपासण्या एकमेकांच्या उलट दिसतात, त्यामुळे गोंधळ होतो आणि लोक बरोबर असलेलं उलटं करून ठेवतात. शंका आली तर आमच्या टेबलावर आणा. विमान कुठूनही घेतलेलं असो, ही तपासणी आम्ही मोफत करतो.

वारा ताशी दहा-बारा किलोमीटरच्या आत असताना, शक्यतो सकाळी लवकर, मोठ्या मोकळ्या मैदानावर, माणसांपासून लांब. तुमच्या भागातले नियम आधी वाचा. अनेक देशांत वजन २५० ग्रॅमच्या वर गेलं की नोंदणी लागते, आणि हे विमान त्याहून बरंच जड आहे.

विमानाचं खोकं आणि आतला साचा मात्र टाकून देऊ नका. पंख मोडला तर दुरुस्तीला आणताना उरलेलं विमान त्यातच धड राहतं. आमच्याकडच्या प्रत्येक ट्रेनरचे सुटे पंख, शेपटी आणि प्रॉप आम्ही फळीवर ठेवतो. येताना मॉडेलचं नाव आणि खोक्यावरची अक्षरं तेवढी टिपून आणा.