तपासणीच चुकते तेव्हा: कर्नलमधल्या बफर ओव्हरफ्लोची पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्यावर रासायनिक कारखान्यांच्या जागी आता डेटा सेंटर उभी राहत आहेत. रबाळे, महापे, ऐरोलीतल्या त्या इमारतींत कित्येक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि एकाच मशीनवर अनेक ग्राहकांचे कंटेनर (एकमेकांपासून वेगळे ठेवलेले प्रोग्रॅमचे कप्पे) असतात. त्यामुळे कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, बफर ओव्हरफ्लोची (मेमरीतल्या ठरलेल्या जागेबाहेर लिहिलं जाण्याच्या चुकीची) दुरुस्ती तपासणं हे इथल्या इंजिनिअरच्या रोजच्या जबाबदारीचंच काम आहे.

दुखणं सी भाषेइतकंच जुनं. सीमध्ये स्ट्रिंगसोबत तिची लांबी येत नाही, शेवटचा शून्य बाइट दिसेपर्यंत वाचत राहायचं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमने फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेचा ५१२ बाइटचा बफर ओलांडून हे जगाला दाखवलं. त्यामागचं, लांबी न तपासता ओळ वाचणारं 'गेट्स' फंक्शन सीच्या मानकातून निघायला २०११ उजाडलं. कर्नलमध्येही स्ट्रिंग कॉपी करायला 'स्ट्र-एन-कॉपी', मग 'स्ट्र-एल-कॉपी', २०१५ मध्ये 'स्ट्र-एस-कॉपी' अशी एकाच्या जागी दुसरी फंक्शनं येत गेली.

पण फंक्शन बदलून सगळं भागत नाही. २०२२ च्या जानेवारीत दुरुस्त झालेली सीव्हीई-२०२२-०१८५ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या चुकांची जाहीर यादी) ही चूक मला सगळ्यात बोलकी वाटते, कारण तिथे तपासणी होती आणि तीच चुकली होती. फाइल सिस्टिम माउंट करतानाचे (जोडतानाचे) पर्याय मेमरीच्या ४०९६ बाइटच्या एका पानात एकामागोमाग भरले जात. नवा पर्याय घेण्याआधी विचारलं जाई: याची लांबी '४०९६ वजा २ वजा आतापर्यंत भरलेले बाइट' यापेक्षा जास्त आहे का? हे २ म्हणजे स्वल्पविराम आणि शेवटचा शून्य. भरलेले बाइट ४०९५ झाले की उत्तर उणे एक. हिशोब अनसाइन्ड (उणे संख्या नसलेला) असल्याने उणे एकाचा प्रचंड मोठा आकडा होई, कुठलीही लांबी त्यापेक्षा कमीच ठरे आणि लिखाण पानाबाहेर जाई. युजर नेमस्पेसच्या (साध्या वापरकर्त्याला आपल्या कप्प्यापुरते प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या सोयीच्या) आडून साध्या वापरकर्त्यालाही हे साधे, कंटेनरमधून थेट होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, पोचता येई.

दुरुस्ती एका ओळीची: वजाबाकी काढून बेरीज. भरलेले अधिक लांबी अधिक २ हे ४०९६ पेक्षा जास्त आहे का?

रिव्ह्यू करताना इथेच थांबायला हवं. ही बेरीज तरी मर्यादेबाहेर जाऊन लहान आकड्यावर उलटणार नाही कशावरून? उत्तर पॅचमध्ये (दुरुस्तीच्या कोडमध्ये) नाही, दुसऱ्या फाइलमध्ये आहे: सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमची कर्नलकडची मागणी) पर्यायाचं नाव आणि मूल्य प्रत्येकी २५६ बाइटांच्या मर्यादेतच आत घेतो. नुसता पॅच वाचून 'रिव्ह्यूड-बाय' (मी तपासलं, अशी सही) देणाऱ्याला हे दिसणार नाही.

मूळ कोड २०१९ मध्ये कर्नलच्या ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीचं कर्नल म्हणून सुटलो असं मात्र धरू नये. डिस्ट्रो कंपन्या (लिनक्स तयार करून देणाऱ्या) नवा कोड जुन्या आवृत्तीत मागे नेतात. आवृत्तीचा आकडा बाजूला ठेवून आपल्या सर्व्हरवरच्या कर्नलचा सोर्स उघडावा आणि ती तुलना वजाबाकीची आहे की बेरजेची ते बघावं.