पीसीओएस आणि सोबतच्या व्याधी

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम), बोलण्यात बहुधा पीसीओडी, हा प्रजननक्षम वयातील स्त्रियांचा संप्रेरक-विकार आहे. पाळी लांबणे किंवा महिनोन्महिने न येणे, हनुवटीवर राठ केस, मुरुम, गर्भधारणेत अडचण ही त्याची परिचित लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो. शिकागोचे डॉक्टर स्टाइन व लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये सात रुग्णांवरून त्याचे वर्णन केले, तेव्हा सारे लक्ष बीजांडकोशांवर होते. चयापचयाशी असलेले त्याचे नाते पुढे उलगडले. मधुमेह, उच्च रक्तदाब, यकृतातील चरबी, झोपेत श्वास अडकणे, नैराश्य यांपैकी काही ना काही अनेकींना सोबत असते आणि उपचाराची दिशा बरेचदा तेच ठरवते.

२००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार अनियमित पाळी, अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारे विशिष्ट बीजांडकोश यांपैकी दोन गोष्टी निदानाला पुरतात. मात्र तशीच लक्षणे देणारे इतर आजार आधी वगळावे लागतात. निकष बदलला की आकडाही बदलतो. मुंबईतील किशोरवयीन व तरुण मुलींच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रॉटरडॅमप्रमाणे २२.५ टक्के, तर दुसऱ्या, अधिक कडक निकषांनी १०.७ टक्के मुलींना पीसीओएस ठरला. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये, असे २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तरीही शाळकरी मुलींच्या हाती सोनोग्राफीच्या कागदावरचे निदान पडतेच.

थायरॉइड मंदावल्यानेही पाळी बिघडते, वजन व प्रोलॅक्टिन (दूधनिर्मितीचे संप्रेरक) वाढते. म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी आधी करतात आणि दोष असल्यास तो आधी आटोक्यात आणतात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची. लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवायची.

पीसीओएसमध्ये पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. रक्तात वाढलेले इन्सुलिन बीजांडकोशांना जास्त अँड्रोजेन बनवायला लावते. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध येथे उपयोगी पडते. मात्र ते दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते, आणि शाकाहारी स्त्रीत ते बहुधा आधीच बेताचे असते. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर हे औषध देत नाहीत. उशिरा येणारी पाळी पुष्कळदा भरभरून जाते, त्यातून लोह घटते. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) खोटेच वाढलेले दिसू शकते. त्यामुळे पंडुरोग असलेल्या स्त्रीत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी केलेली तपासणी अधिक भरवशाची.

पाळी नियमित करण्यासाठी आणि मुरुम व केसांसाठी संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या सर्रास दिल्या जातात. खरी गुंतागुंत येथे आहे. त्यांतील इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाने रक्तदाब चढू शकतो आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. उच्च रक्तदाब, पूर्वी झालेली गुठळी, डोळ्यांपुढे चमचम होऊन सुरू होणारी अर्धशिशी, किंवा पस्तिशीनंतरचे धूम्रपान असेल तर त्या टाळतात. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन आणि अपस्मारावरची फेनिटॉइन, कार्बमाझेपिन ही औषधे गोळीचा प्रभाव घटवतात. गोळीतले इस्ट्रोजेन उलट लॅमोट्रिजिन या अपस्मारावरच्याच औषधाची रक्तातील पातळी खाली आणते. व्हॅल्प्रोएट या फिट्सवरच्या औषधाने तर पीसीओएससारखी लक्षणेच उद्भवू शकतात. म्हणून फिट्सची गोळी चालू असल्याचे स्त्रीरोगतज्ज्ञांना, आणि पाळीच्या गोळ्यांचे मेंदूविकारतज्ज्ञांना, न विचारताही सांगावे.

इस्ट्रोजेन चालत नसले तरी पाळी लांबू देणे योग्य नाही. बीजनिर्मिती न झाल्यास गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि पुढे कर्करोगाचा धोका संभवतो. तीन महिन्यांत पाळी आली नाही तर प्रोजेस्टेरॉनसदृश गोळ्यांनी ती आणणे हा रूढ मार्ग. काहींना हॉर्मोनयुक्त तांबी सोयीची पडते.

नको असलेल्या केसांवरचे स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम वाढवते. रक्तदाबाच्या रामिप्रिलसारख्या गोळीसोबत ते देताना रक्ततपासणी लागते. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषगर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून मूल हवे असल्यास ते बंद करतात. बीजनिर्मितीसाठी आता पहिली पसंती लेट्रोझोल या गोळीला आहे. भारतात वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. गर्भ राहिल्यावर गर्भारपणातील मधुमेहाचा धोका अधिक असल्याने साखरेची तपासणी लवकर केली जाते.