बरणी आणि कप: दोन्ही 'चिनी मातीचे' कसे?

लोणच्याची बरणी चिनी मातीची आणि पाहुणे आले की बाहेर निघणारा कपही चिनी मातीचाच. नाव एकच असल्यामुळे माती एकच, एक जाड घडवलंय आणि एक पातळ, असा समज होतो. प्रत्यक्षात बरणी असते स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या मळकट मातीची, आणि चांगला कप पोर्सिलेनचा, म्हणजे उजेड आरपार जाणाऱ्या पांढऱ्या मातीचा, किंवा बोन चायनाचा.

दोन्ही उपडे करून बघा. टेकणाऱ्या कडेला झिलई नसते, कारण तिथे लावली तर ती भट्टीत वितळते आणि भांडं फळीलाच चिकटून बसतं. त्या उघड्या कडेवर अंगची माती दिसते. बरणीची राखाडी किंवा पिवळट, जरा खरखरीत; कपाची पांढरीशुभ्र. आता कप दिव्यासमोर धरा आणि मागून बोटं फिरवा, बोटांची सावली हलताना दिसेल. बरणीतून भर उन्हातही काही दिसायचं नाही.

कपाची पांढरी माती म्हणजे केओलिन. चीनमधल्या चिंगदेचेन या भांड्यांच्या शहराजवळ गाओलिंग नावाचं ठिकाण आहे, त्यावरून हे नाव पडलं. हिच्यात लोह जवळजवळ नसतं, म्हणून ती भाजल्यावरही पांढरी राहते. पण माती मोठी हट्टी. चाकावर सहज उठत नाही आणि एकटी भाजली तर घट्ट बांधली जात नाही. म्हणून तिच्यात फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ या खनिजांची पूड मिसळतात. १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो आणि बाकीचे कण धरून ठेवतो. उजेड आरपार जातो तो या काचेमुळे. कारखान्यातले बरेच कप प्लास्टरच्या साच्यात होतात. कान वेगळा घडवून पातळ कालवलेल्या मातीने चिकटवतात. सुकून-भाजून कप दहा-पंधरा टक्के आक्रसतो, म्हणून साचा तेवढा मोठा ठेवावा लागतो.

हे गणित युरोपला फार उशिरा सुटलं. जर्मनीतल्या माइसेनचा पोर्सिलेनचा कारखाना १७१० सालचा. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जोसाया स्पोड या कुंभाराने मिश्रणात जवळपास निम्मी हाडांची राख घातली. बोन चायनातलं हाड हे असं खरोखरच हाड आहे. शाकाहारी घरात चहा पिताना हा विषय काढू नये.

बरणीच्या मातीला एवढे नखरे नाहीत. तिच्यात लोह आणि इतर अशुद्धी असतात, त्यामुळे रंग मळकट येतो, पण ती चाकावर छान उठते. १२०० ते १३०० अंशांवर भाजली की अंगातली छिद्रं जवळजवळ बुजून ती दगडासारखी होते. माठ याच्या नेमका उलट. तो कमी आचेवर भाजतात, छिद्रं उघडी राहतात, पाणी झिरपून उडतं आणि आतलं गार होतं. माठात लोणचं घातलं तर तेल बाहेर पाझरेल. बरणीच्या झिलईला बारीक चिरा पडल्या तरी ती सहसा गळत नाही, कारण खालचं अंगच घट्ट असतं. लिंबाचा रस आणि मीठ पितळेला खातात, बरणीला त्यांचं काही वाटत नाही.

अशा बरण्या समुद्रावरून फार पूर्वीपासून फिरत होत्या. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता सांगतो की त्याला आलं, मिरी, लिंबू आणि आंबा खारवून भरलेले चार 'मर्तबान' भेट मिळाले होते. मर्तबान हे ब्रह्मदेशातल्या एका बंदराचं नाव. हिंदीत आजही लोणच्याच्या बरणीला तेच म्हणतात.

मग मराठीने दोघांना एका नावात कोंबलं ही चूक का? मला नाही वाटत. स्टोनवेअर आणि पोर्सिलेन ही वेगळी खाती पाश्चात्त्यांची. चिनी परंपरेत ढोबळ भेद दोनच: कमी आचेवर भाजलेलं ते 'थाओ' आणि जास्त आचेवर भाजलेलं, टिचकी मारली की खणखणणारं ते 'त्स'. बरणी आणि कप दोन्ही 'त्स'मध्येच बसतात.

खरी फसगत वेगळीच आहे. बाजारात 'चिनी माती' म्हणून मिळणारे भडक रंगाचे स्वस्त मग आणि शोभेच्या बरण्या यांतल्या कित्येक कमी आचेवर भाजलेल्या असतात. झिलईला चीर गेली की चहा आत मुरतो आणि तपकिरी रेघा उमटतात. शिवाय कमी आचेवर वितळणाऱ्या झिलईत शिसं असू शकतं, आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो. अशी बरणी फुलांसाठी ठेवा. कैरीसाठी टिचकी मारून, तळ बघून जाड बरणीच घ्या, आणि फोडणी पूर्ण निवल्याशिवाय तिच्यात ओतू नका. दगडासारखी असली तरी एकदम चटका बसला की तडकते.