स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाचा परवाना : पात्रता, कागदपत्रे आणि सुरक्षा प्रशिक्षण

भारतात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर बाळगायचे असल्यास शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार परवाना घ्यावा लागतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावासाची शिक्षा झालेल्या व्यक्तीला ती शिक्षा संपल्यापासून ५ वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे आणि अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो.

वैयक्तिक परवान्याचा अर्ज ‘नमुना ए-१’ मध्ये असतो. त्यासोबत पांढऱ्या पार्श्वभूमीची छायाचित्रे, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि निवासाचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र (नमुना एस-२) आणि मानसिक व शारीरिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र (नमुना एस-३) जोडावे लागते. शस्त्राची गरज का आहे, हा रकाना मोघम भरू नये. धमकी आली असेल, तर ती कधी, कशी आली हे लिहून पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत जोडावी.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते सुरक्षा प्रशिक्षणाकडे, आणि माझ्या मते हाच या प्रक्रियेचा गाभा आहे. शस्त्र हाताळणे, सोबत बाळगणे, झाडणे, त्याची निगा राखणे या गोष्टी शिकून ‘नमुना एस-१’ चे प्रमाणपत्र घ्यायचे असते. अचानक हल्ला झाला की छाती धडधडू लागते, बोटांच्या बारीक हालचाली अडखळतात, नजर समोरच्या धोक्यावरच खिळते आणि मागे उभी असलेली माणसे दिसेनाशी होतात. अशा क्षणी हात तेवढेच करतो, जेवढे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. म्हणून नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवणे, गोळी झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहणे, या सवयी प्रशिक्षकासमोर पुन्हा पुन्हा गिरवून घ्याव्यात. केव्हा गोळी झाडू नये, हेही तिथेच विचारून घ्यावे, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल, तर खासगी बचावाचा हक्कच उरत नाही.

अर्ज दाखल झाल्यावर पोलीस चौकशी होते आणि तिच्या अहवालानंतर परवाना प्राधिकारी निर्णय देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षांची झाली असून सर्वसाधारणपणे एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ अग्निशस्त्रे बाळगता येतात. अर्ज नाकारल्यास प्राधिकाऱ्यांनी कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक आहे. अर्जदाराने ती मागून घ्यावीत आणि शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली मुदतीत अपील करावे.